अर्धं घासलेलं दार

मामांचं मशीन रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गेलं. गेलं म्हणजे चोरीला नाही. गेलं म्हणजे गेलंच. आधी त्याचा आवाज घोगरा झाला, मग त्याने दोन आचके दिले, पोटात एक निळी ठिणगी उडाली, जळका वास आला आणि मामांच्या तळहातातच ते शांत झालं. मामा तसेच उकिडवे बसून राहिले. समोर गॅलरीत, दोन स्टुलांवर, त्यांच्याच घराचं पुढचं दार आडवं पडलं होतं. वरपासून मधल्या पट्टीपर्यंत लोण्यासारखं मऊ, आणि मधल्या पट्टीपासून खाली वीस वर्षांच्या रंगाचे पोपडे.

मामा नेमके कोणाचे मामा, हे इमारतीत कोणालाच माहीत नव्हतं. नगरपालिकेच्या नळजोडणी खात्यात ते हेडक्लार्क होते आणि तिथेही शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यामुळे त्यांच्या बायकोला आपोआप मामी व्हावं लागलं. मामींचं म्हणणं असं, की लोक आधी मामा म्हणतात आणि मग मामा बनवतात. पण तो घरगुती टोमणा झाला.

तर ते मशीन. लाकूड घासायचं मशीन. खाली पॉलिशपेपर लावायचा, बटण दाबायचं, की ते घुर्र करून थरथरायला लागतं आणि खरखरीत लाकूड गुळगुळीत होतं. आकार म्हणाल तर मोठ्या कांद्याएवढा. तेरा वर्षं मामांच्या उजव्या तळहातात ते अस्सं बसत आलं होतं. पुढचं दार सोडलं, तर घरातलं एकही लाकूड त्याच्या तावडीतून सुटलं नव्हतं. पलंगाचे पाय, खिडक्यांच्या चौकटी, झाडूचा दांडा, सासूबाईंची काठी. हॉलमधली खुर्ची तर मामांनी इतकी घासली होती, की तिच्यावर पाहुणे टिकत नसत. बसायचे, दोन वाक्यं बोलायचे आणि पुढे घसरत घसरत शेवटी उठायचेच. मामींना ती खुर्ची फार आवडायची.

"बंद पडलं का हो?" मामींनी आतून विचारलं.

"विश्रांती घेतंय."

"मग ते होईपर्यंत दार लावून टाका. घर उघडं पडलंय."

"अर्धं घासलेलं दार? आल्यागेल्याला काय वाटेल?"

"आणि दारच नसलं तर आल्यागेल्याला काय वाटेल?"

मामांनी लगेच तो तत्त्वाचा प्रश्न केला. शिवाय बिजागऱ्यांची जुनी भोकं त्यांनी पुट्टी भरून बुजवली होती आणि ती पुट्टी अजून ओली होती. मामींनी कपाळाला हात लावला, कपाटातून एक हिरवी चादर काढली आणि दाराच्या चौकटीला टांगली. एवढ्याशा चादरीने पुढे काय काय होणार आहे, हे त्या बिचारीला काय ठाऊक!

पहिल्यांदा चादर बाजूला सारून आले ते समोरचे कॅप्टन. कॅप्टन ना सैन्यात होते ना जहाजावर. एकदा ते इमारतीच्या कॅरम टीमचे कॅप्टन झाले होते. कॅरमच्या टीमला कॅप्टन लागत नाही, हे त्यांना त्या वेळी कोणी सांगितलं नाही आणि नंतर सांगायची कोणाची हिंमत झाली नाही.

"आणा इकडे," कॅप्टन म्हणाले. खिशात ते कायम एक स्क्रू ड्रायव्हर बाळगत, जसे काही लोक पेन बाळगतात. "दोन मिनिटांचं काम आहे. मशीन म्हणजे काय हो मामा? आत वायर, बाहेर कव्हर."

नऊ स्क्रू निघाले. कव्हर निघालं. आतून एक स्प्रिंग टुणकन उडाली आणि नाहीशी झाली. पुढचा दीड तास दोन प्रतिष्ठित गृहस्थ गॅलरीत, गॅलरीखाली, खालच्या मजल्यावरच्या कुंड्यांत आणि त्या कुंड्यांच्या मालकीणबाईंच्या शिव्यांत स्प्रिंग शोधत होते. ती सापडली कॅप्टनच्याच शर्टाच्या खिशात. मग मशीन पुन्हा बंद केलं, आणि टेबलावर दोन स्क्रू उरले.

"कंपन्या उगाच जास्तीचे टाकतात," कॅप्टन म्हणाले, ते दोन स्क्रू खिशात टाकले आणि जेवायला निघून गेले. मशीन अर्थातच चाललं नाही. फरक एवढाच, की आधी ते मुकाट्याने बंद होतं, आता हलवलं की खुळखुळायला लागलं.

सोमवारी मामांनी अर्धी रजा टाकली आणि मशीन टॉवेलात गुंडाळून बाजारातल्या मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्रीच्या दुकानात पंखे, इस्त्र्या आणि पंप असे पडले होते, जसे एखाद्या लढाईनंतर छावणीत जखमी. त्याने मशीन कानाशी धरून हलवलं. खुळखुळाट ऐकून डोळे मिटले.

"माझ्या आधी कोणाला दाखवलं होतं?"

मामांना एकदम अपराधी वाटलं. "शेजारी जरा..."

"तरीच." मिस्त्रीने कव्हर उघडलं आणि आतून झिजून पेन्सिलीच्या टोकाएवढे झालेले दोन काळे तुकडे काढून मामांच्या हातावर ठेवले. "हे कार्बन. वीज यांच्यातून मोटरला जाते. झिजले, संपले. मोटर ठणठणीत आहे तुमची, अजून तेरा वर्षं जाईल. पण या मापाचे कार्बन आता बाजारात येत नाहीत. कंपनीत जा. नाहीतर नवीन घ्या."

नवीन! मामा भीत भीत शेजारच्या हत्यारांच्या दुकानात गेले आणि एक नवं मशीन हातात घेऊन पाहिलं. बटण दाबताच त्यावर लाल दिवा लागला आणि ते हातातून जिवंत माशासारखं निसटायला लागलं. मामांनी ते खाली ठेवलं आणि टॉवेलातलं पुडकं छातीशी धरून घरी आले.

घरी सोफ्यावर तीन अनोळखी माणसं बसली होती. तिघांचाही हात गालावर. आणि त्यांच्यासमोर सासूबाई प्रसन्न मुद्रेने बसल्या होत्या.

मामांना चुटकीसरशी उलगडा झाला, आणि तो काही सुखाचा नव्हता. बरोबर त्यांच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, दातांचे डॉक्टर. दाढ दुखत असलेला माणूस मजले मोजत नाही. दार उघडं, त्याला हिरवा पडदा, आत सोफा, सोफ्यासमोर जुनी मासिकं, आणि एक वयस्कर बाई हसून "या, बसा" म्हणते. दवाखाना म्हणजे आणखी काय असतं? सासूबाईंना ऐकू कमी यायचं आणि माणसांची हौस दांडगी. इतकी वर्षं बंद दाराकडे बघत बसल्यावर आता माणसं आपण होऊन भेटायला येत होती, गप्पांना विरोध करत नव्हती, कारण त्यांना तोंडच उघडता येत नव्हतं. सासूबाईंनी जुन्या कॅलेंडरच्या तारखा कापून सगळ्यांना नंबरसुद्धा वाटले होते.

"आई, ते वरच्या डॉक्टरांकडे आलेत!" मामी ओरडून म्हणाल्या.

"हो हो, चांगली माणसं आहेत," सासूबाई म्हणाल्या.

तिघांना वर पाठवलं, तोवर चौथा आला.

मंगळवारी मामा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. खिडकीच्या काचेला एक भोक होतं आणि ते अशा उंचीवर होतं, की वाकलं तर पलीकडची बाई दिसत नसे आणि ताठ उभं राहिलं तर ऐकू येत नसे. मामा ही व्यवस्था ओळखून होते. त्यांच्या कचेरीत खिडक्यांची उंची ठरवणाऱ्या समितीत ते स्वतः होते.

"मशीनचा नंबर?" बाई म्हणाल्या. "वरच्या पट्टीवर कोरलेला असतो."

मामांनी मशीन उलटंपालटं करून पाहिलं. पट्टी होती. नंबर नव्हता. तेरा वर्षं रोज ज्या तळहाताने ते मशीन धरलं, त्या तळहाताने घासून घासून पट्टी आरशासारखी करून टाकली होती.

"नंबर पुसला गेलाय."

"नंबर नाही तर मशीन नाही."

"अहो, हे काय माझ्या हातात आहे!"

"हातात असेल. सिस्टीममध्ये नाही."

मामांचा संताप घशापर्यंत आला आणि तिथेच थांबला, कारण हे वाक्य, हाच सूर, हीच पापणीसुद्धा न हलवणारी शांतता त्यांनी कुठेतरी ऐकली होती. कुठे काय, रोजच ऐकत होते. आपल्याच तोंडून. नळजोडणीला आलेल्या कितीतरी म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्यांनी असंच वाकायला लावून परत पाठवलं होतं. मामांनी मान आणखी खाली घातली.

"मग करायचं काय?"

"बिननंबरी मशीन घरगुती आहे की धंद्याचं, हे आम्हाला कसं कळणार? धंद्याच्या मशीनला आम्ही हात लावत नाही. आमचा माणूस तुमच्या घरी पाहणीला येईल. गुरुवारी. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. घरी थांबा."

"नक्की वेळ सांगता येईल?"

"नक्कीच सांगितली. नऊ ते सहा."

मामा मनातल्या मनात त्या बाईंना नमस्कार करून बाहेर पडले. असं माणूस आपल्या खात्यात हवं होतं, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं.

संध्याकाळी त्यांनी हाताने घासून पाहिलं. लाकडी ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून तासभर घासल्यावर पोस्टकार्डाएवढा तुकडा साफ झाला आणि मामांचा दंड असा सुजला, की जेवताना मामींना त्यांना भरवावं लागलं. त्याच वेळी चादर बाजूला करून एक पेशंट आत डोकावला. त्याने ते दृश्य पाहिलं आणि "मी नंतर येतो" म्हणून गेला.

बुधवारी सेक्रेटरींची नोटीस आली. इमारतीचे सेक्रेटरी हे बोलत कमी आणि नोटीस जास्त देत. बायकोला वाढदिवसाच्या शुभेच्छाही ते फळ्यावर लावत, असं कॅप्टन सांगायचे. नोटिशीत लिहिलं होतं: 'दर्शनी दाराच्या जागी चादर लावल्याने इमारतीच्या शोभेस बाधा येत असून, अनोळखी व्यक्तींचा वावर वाढला आहे. शनिवार सायंकाळी पाचपर्यंत दार न लागल्यास संस्था त्या ठिकाणी पत्र्याचे दार बसवील.'

"पत्र्याचं!" मामा मटकन खाली बसले. सगळ्या इमारतीत लाकडाचा जाणकार म्हणून ज्याची ओळख, त्याच्या दाराला पत्रा! म्हणजे शिंप्याला गोणपाटाचा सदरा घालून वरातीत नेण्यासारखं.

"मी सुताराला बोलावते," मामी म्हणाल्या.

"माझ्या घरात सुतार?" मामा अशा आवाजात म्हणाले, की मामींनी तो विषय तिथेच सोडला.

आता सगळी भिस्त गुरुवारच्या माणसावर. गुरुवारी मामांनी पूर्ण रजा टाकली. नऊपासून ते मशीन पुसून, समोर ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. दहा वाजले, बारा वाजले, तीन वाजले. या सहा तासांत त्यांनी एकवीस पेशंट वर पाठवले. सव्वातीनला ते मशीन शेजारी टेबलावर ठेवून फक्त पाच मिनिटांसाठी तोंड धुवायला गेले. आणि अर्थातच त्या पाच मिनिटांतच कंपनीचा माणूस आला.

काय घडलं ते मामांना नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. तो माणूस बारीक, चष्मेवाला, हातात फाईल घेतलेला. सासूबाईंनी त्याला सात नंबर देऊन बसवलं. त्याने मशीनकडे बोट दाखवून विचारलं, "हे मशीन कोण वापरतं?"

"हो हो, बसा. फार दुखतंय का?" सासूबाई म्हणाल्या.

त्याने गोंधळून शेजारी बसलेल्या जाडजूड गृहस्थाला विचारलं, "इथे मशीन वापरतात का?"

"वापरतात म्हणजे!" गृहस्थ गाल धरून कण्हले. "मागच्या खेपेला वीस मिनिटं फिरवलं. ब्रह्मांड आठवलं."

"फिरवलं? कशावर?"

"माझ्या दाढेवर. आणखी कशावर?"

चष्मेवाल्याने टेबलावरच्या त्या मशीनकडे पाहिलं. खाली लावलेल्या जाड्याभरड्या पॉलिशपेपरकडे पाहिलं. मग गृहस्थांच्या गालाकडे पाहिलं. फाईलमध्ये भराभरा चार ओळी लिहिल्या आणि चादरीतून जो सुटला, तो जिन्याच्या कठड्याला न धरता खाली.

मामा टॉवेलने तोंड पुसत बाहेर आले तेव्हा सासूबाई हळहळत होत्या. "सात नंबर न दाखवताच गेला हो. घाबरट!"

कंपनीने आजवर कुठलंच काम इतक्या तडफेने केलं नसेल. शुक्रवारी सकाळी माणसाबरोबर पत्रच आलं. मामांनी ते तीनदा वाचलं. 'सदर यंत्र लाकूड घासण्यासाठी बनवलेले असून, आपण ते रुग्णांच्या दाढांवर वापरत असल्याचे पाहणीत आढळले. वैद्यकीय उपकरणांची दुरुस्ती आमच्या कक्षेत येत नाही. हा प्रकार तात्काळ थांबवावा, अन्यथा संबंधितांस कळविण्यात येईल.'

मामींनी पत्र घेतलं, 'दाढांवर' या शब्दापर्यंत पोचल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता चुकून त्या गुळगुळीत खुर्चीवर बसल्या आणि घसरत थेट जमिनीवर आल्या, तरी हसणं थांबेना. सासूबाईंना काही ऐकू आलं नव्हतं, पण लेक हसतेय म्हणून त्याही हसल्या. सोफ्यावरचे दोन पेशंटही एका गालाने हसले.

मामा मात्र उठून गॅलरीत गेले. बऱ्याच वेळाने डोळे पुसत मामी मागोमाग आल्या, तर मामा अर्ध्या दाराच्या गुळगुळीत भागावरून हात फिरवत उभे होते.

"अहो, रागावलात?"

"नाही गं." मामांनी एका पोपड्यावर नख मारलं. "कचेरीत मी दिवसभर काय करतो सांगू? लोकांचे कागद परत पाठवतो. एक सही कमी आहे, एक शिक्का कमी आहे. तीस वर्षांत कोणाचं काही पुरं केलं असेल असं आठवत नाही. घरी येऊन एखादी फळी घासली, हात फिरवला, आणि कुठे अडकला नाही, की वाटतं, चला, आज एक तरी काम पुरं झालं."

मामींचं हसणं एकदम ओसरलं. त्यांनी मामांचा सुजलेला दंड हातात घेतला आणि चोळत राहिल्या. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "नऊ नंबर!"

शनिवार उजाडला. सकाळी दहालाच सेक्रेटरींची दोन माणसं पत्र्याचं दार घेऊन आली आणि ते बाहेर भिंतीला टेकवून बिड्या ओढत पाचची वाट बघत बसली. पत्रा हिरवा होता. चादरीला शोभेल असा, असं सेक्रेटरींनी मुद्दाम लिहून कळवलं होतं. शनिवार म्हणजे डॉक्टरांच्या गर्दीचा दिवस; अकरापर्यंत मामांच्या हॉलमध्ये आठ गाल जमले. मामांनी आता कोणाला वर पाठवायचंही सोडून दिलं होतं. ते मशीन मांडीवर घेऊन लोकांमध्येच बसले होते आणि शेजारच्या बाईंना सगळी हकीकत सांगत होते. कार्बन, नंबर, काच, दाढा, पत्रा, सगळी.

या बाई अंगाने चांगल्या भरदार, जबडा मफलरने बांधलेला, एक गाल पेरूसारखा सुजलेला. त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ऐकता ऐकता त्यांनी मामांच्या मांडीवरून सरळ मशीन उचललं, पर्समधून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि कव्हर उघडलं. मामांनी स्प्रिंग झेलायला ओंजळ पुढे केली. पण या हातात काही वेगळंच होतं. स्प्रिंग उडाली नाही. बाईंनी झिजलेले कार्बन पाहिले, 'हं' केलं, आणि मासिकाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं: 'शिलाई मशीनं दुरुस्त करते. तीस वर्षं. घरात मिक्सर आहे?'

"आहे," मामा म्हणाले.

'आणा,' बाईंनी लिहिलं.

मिक्सर म्हणताच मामी स्वयंपाकघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. बाईंनी लिहून दाखवलं: 'मिक्सरचे कार्बन मोठे असतात. घासून लहान करता येतात.'

"आणि माझा मिक्सर?"

बाईंनी खांदे उडवले.

आठही पेशंट दुखणं विसरून मामींकडे बघायला लागले. बाहेरची बिडीवाली दोघं चादरीतून डोकावली. मामींनी मिक्सरकडे पाहिलं, पत्र्याच्या दाराकडे पाहिलं, आणि मग मामांकडे.

"घ्या," मामी म्हणाल्या. "पण आज दार लागलं पाहिजे. आणि सोमवारी मला मिक्सर चालू हवा."

मिक्सरच्या पोटातून दोन जाडे कार्बन निघाले. बाईंनी जमिनीवर पॉलिशपेपर पसरला आणि एक कार्बन त्यावर घासायला लागल्या. दुसरा मामांच्या हाती दिला. तेरा वर्षं मशीनने घासलं, आता मामा मशीनसाठी घासत होते. जरा घासायचं, खाचेत घालून बघायचं, पुन्हा काढून घासायचं. बोटं काळी झाली, नाकं काळी झाली. कॅप्टन येऊन "दोन मिनिटांचं काम" म्हणाले, तेव्हा बाईंनी नुसतं वर पाहिलं आणि कॅप्टन आयुष्यात पहिल्यांदा हाताची घडी घालून गप्प उभे राहिले. त्यांच्याकडून फक्त रविवारचे दोन स्क्रू परत घेण्यात आले.

दीड वाजता बाईंनी मशीन मामांच्या तळहातावर ठेवलं. मामांनी डोळे मिटले. बटण दाबलं.

घुर्रर्रर्र!

काय तो आवाज! खणखणीत, कोवळा, तेरा वर्षांपूर्वीचा! मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलंत?" म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर हॉल रिकामा होत होता. दाताच्या दवाखान्यात असा आवाज ऐकल्यावर, आणि तोही इतक्या जवळून, आणि काळ्या हातांचा माणूस तो आवाज घेऊन आपल्याकडे वळलेला पाहिल्यावर, सात माणसं एकाच चादरीतून एकाच वेळी बाहेर पडली. चादर त्यांच्याबरोबर गेली. जिन्यात चपला राहिल्या. काहींची दुखणी त्या क्षणी बरी झाली, असं नंतर कळलं.

दोन मिनिटांत डॉक्टर धाडधाड खाली आले. "मामा! माझे सगळे पेशंट पळवलेत तुम्ही!"

"सगळे नाहीत," मामा म्हणाले आणि शिलाई मशीनवाल्या बाईंकडे बोट दाखवलं. तीस वर्षं मशीनच्या आवाजात काढलेल्या त्या एकट्याच जागेवरून हलल्या नव्हत्या. डॉक्टर त्यांना सन्मानाने वर घेऊन गेले.

मग काय विचारता! मामा दाराला भिडले. पोपडे उडाले, भुसा उडाला, मामांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. मामी कुंचल्याने भुसा झाडत होत्या, सासूबाई "आजचे पेशंट कुठे गेले?" म्हणून विचारत होत्या. पावणेचारला शेवटचा पोपडा गेला. मामांनी वरपासून खालपर्यंत हात फिरवला. कुठे अडकला नाही.

दार लावायला सगळेच धावले. एका टोकाला बिडीवाले दोघं, कारण लाकडाचं दार बघून त्यांनाही पत्र्याची लाज वाटायला लागली होती. दुसऱ्या टोकाला कॅप्टन आणि रिकामे बसलेले डॉक्टरांचे मदतनीस. बिजागऱ्या मामांनी स्वतः आवळल्या. कड्या मामींनी दिल्या. बाहेर कोण आलंय ते बघायचं छोटं भिंग तेवढं कॅप्टननी बसवलं. त्यांना काहीतरी करू देणं भागच होतं. सेक्रेटरी घड्याळ हातात घेऊन समोर उभे. चार पंचावन्नला मामांनी दार ढकललं. कुरकूर नाही, अडखळणं नाही. नुसतं 'टक्' झालं.

"नोटीस मागे घेण्यात येत आहे," सेक्रेटरी बाहेरून म्हणाले. त्यांनी तोंडी काही जाहीर केल्याची ही पहिलीच वेळ.

आत शांतता. सहा दिवसांनी पहिल्यांदा घर फक्त घरच्यांचं होतं. सासूबाई दमून आतल्या खोलीत आडव्या झाल्या. मामी तोंड धुवायला गेल्या. मामा हॉलमध्ये एकटे उरले. त्यांनी दाराकडे पाहिलं. मशीनकडे पाहिलं. कोणी बघत नाही याची खात्री करून घेतली. आणि मग नळजोडणी खात्याचे हेडक्लार्क, वय वर्षं छप्पन्न, मशीन दोन्ही हातांत डोक्यावर धरून नाचायला लागले. आधी नुसतं एका पायावर, मग दोन्ही पायांवर, मग एक गिरकी, मग खुर्चीभोवती एक फेरी. मशीनचा मुका घेतला. दाराचा मुका घेतला. लुंगी सावरून कंबर हलवत शेवटची एक उडी मारली आणि धापा टाकत थांबले.

दारापलीकडून टाळ्यांचा कडकडाट झाला.

मामा जागच्या जागी थिजले. मग हळूच पुढे होऊन त्यांनी भिंगाला डोळा लावला. काहीच दिसेना, नुसतं धूसर. कॅप्टननी भिंग उलटं बसवलं होतं. आतल्याला बाहेरचं दिसत नव्हतं. बाहेरच्याला मात्र अख्खा हॉल दिसत होता.

"सरका हो, आता माझी पाळी," बाहेर सेक्रेटरींचा आवाज आला.

"थांबा, डॉक्टरांना बघू द्या," कॅप्टन म्हणाले.

मामी तोंड पुसत बाहेर आल्या. मामा कानापर्यंत लाल होऊन उभे होते. एवढ्यात बाहेर एक नवाच आवाज आला. बाईचा, ठणठणीत, दाढ काढून मोकळ्या झालेल्या तोंडाचा. त्या बाईंच्या तोंडून मामांनी ऐकलेलं ते पहिलंच वाक्य:

"मामा, गिरकी परत घ्या! मी जिन्यात होते, माझी हुकली!"

मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी टॉवेल कमरेला खोचला, मशीन त्यांच्या हातून काढून घेतलं, बटण दाबलं आणि ताल धरला.